अठ्ठावीस आटे

"हे गाडीत नाही येणार, अंकल," सुरुची म्हणाली.

"येतं. आडवं ठेवलं की येतं," कोंडीराम तांबे म्हणाला आणि त्याने ते आडवं ठेवलंसुद्धा.

रविवारी सकाळी साडेसातला करी रोडच्या पुलाच्या तोंडाशी एक पांढरी एसी मिनीबस उभी होती. तिच्यावर तळं, ताडाची झाडं आणि एक हसरं म्हातारं जोडपं छापलेलं होतं. जोडपं इतकं गोरं होतं, की ते निवृत्त होऊन लालबागहून नव्हे, नॉर्वेहून आलं असावं. खाली लिहिलं होतं, 'पाम ॲण्ड पाँड, फेज थ्री. आता तरी स्वतःसाठी जगा.' सुरुची ही त्या कंपनीची सेल्सची मुलगी. रविवारी माणसं गोळा करायची, बदलापूरच्या पुढे नेऊन घरं दाखवायची आणि परत आणून सोडायची, हे तिचं काम. जाणं-येणं, नाश्ता, जेवण, सगळं फुकट. तिने या गाडीत म्हातारे चढवले होते, व्हीलचेअर चढवली होती, एकदा एका कुटुंबाचा पोपटही चढवला होता. पण पाच फूट लांब लोखंडी सळई, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी खोबण, असं काही घेऊन घर बघायला निघालेला माणूस ती पहिल्यांदाच बघत होती.

"अहो, आपण घर बघायला चाललोय," राधा नवऱ्याला हळूच म्हणाली. "खणायला नाही."

"पाणी बघायला नको?"

"पाणी नळातनं बघतात."

"नळाचं काय, तो शिकवलेलं बोलतो," कोंडीराम म्हणाला आणि खिडकीपाशी बसला.

कोंडीराम पाणी खात्यात चावीवाला होता. रस्त्याखालच्या जलवाहिनीची झडप या लांब चावीने फिरवायची, ठरल्या वेळी गल्लीत पाणी सोडायचं, सव्वा तासाने बंद करायचं. चौतीस वर्षं तो लालबाग आणि करी रोडच्या गल्ल्यांना पाणी सोडत आला होता. गल्लीत त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. वेळेवर पाणी आलं की ते आपोआप आलेलं असे. उशीर झाला की मात्र सगळ्यांना चावीवाल्याची आई आठवायची.

या महिन्याच्या तीस तारखेला तो निवृत्त होणार होता. त्यानंतर खात्याच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली रिकामी करून द्यायची होती. एकतीस वर्षांचा संसार त्या खोलीत झाला होता. मजल्यावर अठरा खोल्या आणि टोकाला चार संडास. त्यांची चाळ नेमकी लाइनच्या शेपटाला, त्यामुळे पाणी सगळ्यात शेवटी यायचं आणि सगळ्यात आधी जायचं. नातेवाइकांना वाटायचं, चावीवाल्याच्या घरी काय, दिवसभर धबधबा. राधाने खुलासा करायचं कधीच सोडून दिलं होतं. तिच्या खोलीत दाराशी दोनशे लिटरचं निळं पिंप होतं. पाहुणा आला की त्याला पिंपाच्या शेजारी बसवायचं, दुसरा आला तर पहिल्याला उठवायचं.

राधाची घराबद्दल एकच मागणी होती. हॉल किती, खिडकी पूर्वेला की पश्चिमेला, याचं तिला काही नव्हतं. तिला न्हाणीघराचं दार हवं होतं. आतून कडी लागणारं आणि बाहेरून कोणी थाप न मारणारं.

मागच्या रविवारी ते कल्याणच्या पुढे एका सोसायटीत जुना फ्लॅट बघून आले होते. घर ठीक होतं. सेक्रेटरीने चहा पाजला, मुलीची चौकशी केली, मग कप खाली ठेवत अगदी सहज विचारलं, "तांबे म्हणजे… कोणते तांबे?"

"करी रोडचे," कोंडीराम म्हणाला.

सेक्रेटरीने 'कळवतो' म्हणून सांगितलं. जिना उतरताना राधा म्हणाली, "ते फोन नाही करणार." चौतीस वर्षं ज्यांना पाणी सोडलं, त्यांच्यापैकी कोणी त्याला कोणते तांबे म्हणून विचारलं नव्हतं. अर्थात, त्यांनी नावही विचारलं नव्हतं.

"एक्स्क्यूज मी," मागच्या सीटवरून आवाज आला. "हे काय हाय, मॅन? फिशिंगचा रॉड? तिकडे लेक हाय, पण फिश नाय."

मागे सत्तरीतला एक उंच माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट, मांडीवर रिकामा स्टीलचा डबा.

"चावी आहे. पाण्याची."

"अच्छा. मी गॅब्रिएल. चिराबाजार. फर्स्ट टाइम?"

"इथे पहिल्यांदाच. तुम्ही?"

"पाम ॲण्ड पाँडला थर्ड. टोटल पकडली तर थर्टी-वन." गॅब्रिएलने डबा उघडून दाखवला. "ह्यांचा उपमा चांगला असतो. बाजूच्या बिल्डरचा नको खाऊस, त्यात काजू नसतो."

एकतीस वेळा जाऊन या माणसाने घर का घेतलं नाही, हे कोंडीरामला विचारावंसं वाटलं. पण सुरुचीने माइक हातात घेतला होता आणि तळ्याकाठच्या जॉगिंग ट्रॅकबद्दल सांगायला सुरुवात केली होती. राधाने पायातल्या चपला काढल्या आणि सुजलेली पावलं एकमेकांवर ठेवली. ती झोपली नाही. ब्रोशरमधला घराचा नकाशा मांडीवर पसरून एकेका खोलीवरून बोट फिरवत राहिली.

पोचायला साडेदहा झाले. तळं ही पूर्वी दगडाची खाण असावी. ताडाची झाडं आली होती, पण अजून बांबूला बांधलेली होती आणि त्यांच्या तोंडावर 'आम्हाला कुठे आणलंत' असा भाव होता. चार इमारती उभ्या होत्या, त्यातल्या एकीत नमुन्याचा फ्लॅट सजवला होता. पलंगावर सात उशा. टेबलावर प्लास्टिकचं सफरचंद. फ्रिज बंद, पण त्यावर चुंबकाने लावलेली यादी: दूध, अंडी, योगा.

"ट्वेंटी-फोर अवर्स वॉटर, अंकल," सुरुचीने स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाण्याची जाड धार पडली. बरोबरच्या दोन कुटुंबांनी 'वा' म्हटलं.

कोंडीरामने धारेखाली हात धरला. लाइनमधून येणारं पाणी आधी खोकतं, हवा टाकतं, मग स्थिरावतं. त्याला श्वास असतो. हे पाणी नुसतं पडत होतं. आणि कोमट होतं. छपरावरच्या टाकीत सकाळपासून उन्हात बसलेलं.

"लाइन किती इंची?" त्याने विचारलं.

सुरुचीने टॅबमध्ये शोधलं. टॅबमध्ये स्विमिंग पूलची लांबी होती, जिममधल्या ट्रेडमिलची संख्या होती, योगा डेकवरून दिसणाऱ्या डोंगराची उंचीही होती. लाइन नव्हती. "मी इंजिनिअर सरांना विचारून व्हॉट्सॲप करते," ती म्हणाली. ती खोटारडी नव्हती, बिचारी. तिला कोणी हे कधी विचारलंच नव्हतं.

राधा कुठे दिसेना, म्हणून तो मागे वळला. ती न्हाणीघरात होती. दाराच्या मागच्या कोपऱ्यात वाकून फरशीवर वीत लावून माप घेत होती. एक वीत, दुसरी, तिसरी. नाशिकला दिलेली मुलगी, रश्मी, नव्या घरात वॉशिंग मशीन घेऊन देईन असं म्हणाली होती. त्याचं माप असणार, असं कोंडीरामला वाटलं. माप झाल्यावर राधा सरळ झाली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तेवढ्यात विरारचं एक कुटुंब न्हाणीघर बघायला आलं.

"आत आहे," कोंडीराम म्हणाला.

"पण हे सॅम्पल आहे ना?" त्यातला बाप्या म्हणाला.

"हो. तरी आत आहे."

तो दारासमोर उभा राहिला. दोन मिनिटं झाली, पाच झाली. आतून पाण्याचा आवाज नाही, काही नाही. विरारवाले योगा डेक बघायला गेले. कोणी दारावर थाप मारली नाही. कोंडीरामने मारू दिली नसती. मग कडी निघाली आणि राधा बाहेर आली, दुपारभर गाढ झोपून उठल्यासारखी.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"बरं आहे," राधा म्हणाली.

एकतीस वर्षांच्या संसारात राधा 'बरं आहे' यापुढे कधी गेली नव्हती. रश्मीच्या जन्माच्या वेळी बाळाला पाहूनही तिने हेच म्हटलं होतं.

जेवणाला वेळ होता. त्याने बसमधून चावी काढली आणि तो गेटकडे गेला. आत येतानाच त्याने ते हेरून ठेवलं होतं: रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकण, त्यावर निळा ताजा रंग आणि पांढऱ्या अक्षरात 'पाणीपुरवठा'. एवढं स्वच्छ झाकण त्याने नोकरीत पाहिलं नव्हतं. त्याने ते बाजूला केलं, गुडघ्यावर बसला आणि झडपेवर चावी बसवली.

चावीवाला झडप डोळ्यांनी बघत नाही, आट्यांनी बघतो. एक आटा म्हणजे एक पूर्ण फेरा. करी रोडच्या अकरा नंबरच्या झडपेला अठ्ठावीस आटे आहेत. पहिले सहा जड, नवव्याला चावी अर्धी मागे घ्यायची, वीसनंतर ती पाण्याच्या जोराने हातात थरथरायला लागते. कोंडीराम मोजू लागला. एक, दोन, तीन. चावी लोण्यात फिरावी तशी फिरत होती. दहा. वीस. अठ्ठावीस. ती थांबेना. एकेचाळिसाव्या आट्याला तोच थांबला. त्याने मुठीला कान लावला. पाणी असलं तर लोखंडातून कळतं, बंद असलं तरी पलीकडे उभं असल्याचं कळतं. इथे कानाला लोखंड लागलं, बाकी काही नाही.

त्याने खड्ड्याशी वाकून मोबाइलचा उजेड आत मारला. झडप होती. तिच्या एका बाजूला माती होती आणि दुसऱ्या बाजूलाही माती होती. क्लबहाउसच्या मागे टँकर उभा होता आणि त्याचा जाडजूड पाइप भिंतीवरून वर चढला होता.

कोंडीरामने एकेचाळीस आटे उलटे फिरवले. उघडलेलं मोजून बंद करायचं, ही खात्याची शिस्त. उघडलं काय होतं, हा प्रश्न वेगळा.

"पाणी हाय?" गॅब्रिएल जेवणाची प्लेट घेऊन मागे उभा होता.

"पाइपच नाही."

"मला वाटलाच. फेज टूला पण माझ्या तोंडाला टँकरचा टेस्ट लागलेला." त्याने पापड मोडला. "मिसेसला बोलणार?"

कोंडीरामने मांडवाकडे पाहिलं. राधा प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. जेवण बाजूला ठेवून ती पुन्हा नकाशा बघत होती.

"सांगायला तर पाहिजे," तो म्हणाला. पण उठला नाही.

"बारा वर्सं मी आणि आग्नेस असेच फिरलो," गॅब्रिएल म्हणाला. "वसई, पनवेल, खोपोली. एके ठिकाणी मला चर्च लांब वाटला, एके ठिकाणी तिला मार्केट. एक घर तर एकदम बेस्ट होता, मॅन. मी बोललो, लिफ्ट आवाज करते. आग्नेस बोलली, ठीक हाय, नेक्स्ट संडे दुसरा बघू. दोन वर्सं झाली तिला जाऊन. मी अजून नेक्स्ट संडेच करतोय."

"मग आता घर कशाला बघता?"

"घर कोणाला पायजे? मला संडे पायजे फक्त," गॅब्रिएल म्हणाला आणि गोड वाढतायत का ते बघायला गेला.

बस दोनला निघायची होती. पण जेवणानंतर लकी ड्रॉ होता, त्याआधी कंपनीच्या संचालकांचं स्वप्नांवर भाषण होतं आणि त्याआधी माइक बंद पडला. शेवटी गॅब्रिएलला मिक्सर लागला. त्याच्याकडे असे दोन आधीच होते. सुरुची फॉर्म घेऊन राधाकडे आली. "आंटी, दुसऱ्या मजल्यावरचा एकच राहिलाय. आज रात्रीपर्यंत होल्ड करते. नंतर मला नाही जमणार."

राधाने कोंडीरामकडे पाहिलं. तो चपलेच्या टोकाने माती उकरत होता.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

राधाने ब्रोशरची घडी केली, घडीची घडी केली. "मी संध्याकाळी फोन करते, मॅडम," ती म्हणाली.

परतताना शिळफाट्याला गाडी अडकली. पाच वाजून गेले होते. राधा खिडकीबाहेर बघत होती. 'तिथे पाणी नाही' हे तीन शब्द बोलायला कोंडीरामला शिळफाट्याइतकी निवांत जागा मिळाली नसती. त्याने दोनदा घसा साफ केला. दुसऱ्यांदा राधाने त्याला पाण्याची बाटली दिली.

तेवढ्यात फोन वाजला. लवूचा. लवू त्याचा जोडीदार चावीवाला, मालवणचा. आजची पाळी तोच सांभाळत होता.

"दादा, अकरा नंबर फिरना नाय. माझी चावी सटकता. तुमची खंय आसा?"

कोंडीरामने पायाखाली पाहिलं. अकरा नंबरच्या झडपेचं डोकं झिजून गोल झालं होतं, म्हणून त्याने चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये आपल्या चावीच्या खोबणीत पट्ट्या मारून घेतल्या होत्या. ती झडप जगात त्या एकाच चावीला ओळखत होती. सकाळी त्याने हिशेब केला होता: बस पाचला परत, पाणी पावणेसहाला. बिल्डरने सांगितलेल्या वेळेवर त्याने विश्वास ठेवला होता.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला.

"माका ठाऊक आसा. तुमी खंय आसात?"

"शिळफाट्याला."

"बायलो आतापासून बालद्यो घेऊन उभ्यो आसत. काय सांगू तेंका?"

"सांग, येतोय."

बस पुलाशी पोचली तेव्हा पावणेसात वाजले होते. गॅब्रिएलने मिक्सरचं खोकं सावरत हॅट काढली. "नेक्स्ट संडे?" त्याने विचारलं. राधाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच फुटी लोखंड खांद्यावर घेऊन माणूस जेवढं धावू शकतो, तेवढा कोंडीराम धावला. राधा मागून येत राहिली. गल्लीत बादल्या, हंडे, कळश्या आणि त्यांच्या मागे माणसं उभी होती.

"आले बघा साहेब!"

"काय हो काका, चावीला पण पिकनिकला नेलंत?"

"घर बघायला गेलेले म्हणे. आमचं पाणी बांधून नेलं सोबत."

"अहो, आवडलं की नाही घर, ते तरी सांगा!"

कोंडीराम गुडघ्यावर बसला, चावी बसवली. एक. दोन. जड. सहा. नवव्याला अर्धी मागे. वीस. हातात थरथर आली. अठ्ठावीस. झडप थांबली, जिथे थांबायला हवी तिथे.

मग बायका घराकडे पळाल्या. मिनिटभरात गल्ली रिकामी झाली आणि वरच्या मजल्यांवरून बादलीच्या तळावर पडणाऱ्या पाण्याचे आवाज यायला लागले. लवू पुढची झडप बघायला गेला. राधा बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. चपला काढून ठेवल्या होत्या.

"राधे, इकडे ये," कोंडीराम म्हणाला. "याला कान लाव."

इतक्या वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं, तिनेही कधी विचारलं नव्हतं. ती अनवाणीच आली, वाकली आणि मुठीला कान लावला. लांबून खरखर येत होती, मग हवेला पुढे ढकलणारा घोगरा आवाज, मग सगळं भरून वाहत असल्याची एकसारखी गुणगुण.

"रोज ऐकता हे?"

"रोज."

ती ऐकत राहिली.

"तिकडे हे नव्हतं," कोंडीराम म्हणाला. "खाली पाइपच नाही. नुसती झडप पुरलीय. टँकर येतो."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तुम्ही लाइनचं विचारत होतात, तेव्हा नळाखाली हात धरला मी. तुम्हालाच कळतं काय पाण्यातलं?" राधाने कान उचलला नव्हता. "एकतीस वर्षं तुमच्या लाइनच्या शेपटाला राहिले. पाणी नसलं तर काय करायचं, ते मला येतं."

कोंडीरामला दाराच्या मागचा तो कोपरा आठवला.

"मग तू मशीनचं माप घेत नव्हतीस?"

"मशीन कशाला? पिंपाचं घेतलं. तीन विती जागा आहे. दोनशे लिटरचं बसतं. ठेवूनही दार लागतं. मी कडी लावून बघितली."

तिने कमरेला खोचलेला मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. "मॅडमना तुम्हीच सांगा, घेतोय म्हणून. मला अजून जरा ऐकू दे."

कोंडीरामने एका हाताने नंबर लावला. दुसऱ्या हाताने त्याने चावीची मूठ धरून ठेवली होती, तिच्या कानाखालून हलू नये म्हणून.